पापणीला हात लावायचा नाही

डोळे तपासणारा माणूस येणार असं कळलं, तेव्हा गावातल्या बायकांनी कुठल्याही शहाण्या बाईनं केलं असतं तेच केलं. त्यांनी पापण्या साफ करून घेतल्या.

परक्या माणसापुढे लाल, गळके डोळे घेऊन कोण जाईल? चर्चमागच्या दगडी कुंपणावर सकाळचं ऊन आलं होतं. एरवी रविवारी प्रार्थना आटोपली की बायका तिथं जोडीजोडीनं बसत. एकीचं डोकं दुसरीच्या मांडीवर, आणि आत वळलेले पापण्यांचे केस चिमट्यानं एकेक करून उपटायचे. लोहाराकडचा तो छोटा चिमटा प्रत्येकीच्या गळ्यात, क्रुसाच्या दोऱ्याशेजारीच असायचा. त्या दिवशी रविवार नसूनही कुंपण भरलं होतं.

शितायेचं डोकं देब्रितूच्या मांडीवर होतं. दोघी एकाच वर्षी या गावात सून म्हणून आल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या पापण्या आणि एकमेकींची भांडणं सांभाळत आल्या होत्या.

"हलू नकोस. कोपऱ्यातला एक राहिलाय."

"तू तोंड मिट. थुंकी उडतेय डोळ्यात."

"पवित्र पाणी समज आणि गप पड."

शितायेचा उजवा डोळा कधीच गेला होता. दह्यावर साय यावी तसा तो पांढरा झाला होता. लहानपणी गावातल्या सगळ्याच पोरांना खुपऱ्या व्हायच्या. त्या पुन्हा पुन्हा होत राहिल्या की पापणी आतून आक्रसते, तिची कड आत वळते आणि केस डोळ्यावर घासू लागतात. प्रत्येक मिटण्याला एक ओरखडा. डावा डोळा आता त्याच वाटेवर होता. अंगणापलीकडून येणारं माणूस ती चालण्यावरून ओळखायची; चेहरा पार जवळ आल्यावर दिसायचा. पापणी कापून बाहेर वळवतात, मग केस टोचत नाहीत, असं आरोग्य केंद्रातल्या बिर्केनं सांगितल्यापासून शितायेच्या मनात दुसरा विषय नव्हता. एक डोळा गेला तो गेला. हा जाऊ द्यायचा नव्हता.

मग पाळी बदलली. देब्रितूचा डावा डोळा बारा महिने गळायचा. तिच्या नेतेलाचा, डोक्यावरून घेतलेल्या पातळ शालीचा, एक पदर कायम ओला असे.

"तुझा कुठला केस वळलाय तेच मला कळत नाही बाई," शिताये डोळा बारीक करून म्हणाली.

"तुला दिसतंय कुठं! गळतोय म्हणजे टोचत असणारच. काढ सगळे."

शितायेनं सगळे काढले.

तपासणारा नाहोम शहरातून आला होता. तरणा, स्वच्छ शर्टाचा, कपाळावर भिंग बांधलेला. केंद्राच्या ओसरीवर त्यानं खुर्ची मांडली होती. समोर बाई बसली की तो विजेरी लावायचा, "वर बघा, खाली बघा" म्हणायचा आणि पुढच्या बाईला हाक मारायचा. रांग भराभर सरकत होती. तो खूश होता. या गावात डोळ्यांचा आजार फार असं ऐकलेलं भलतंच निघालं, असं त्याला वाटत असावं.

शिताये बसली. विजेरीचा उजेड डाव्या डोळ्यात आला.

"हा तर गेला," उजव्याकडे बघून तो म्हणाला. "आणि याला काही नाही. एकही केस टेकत नाहीये. धुरामुळं पाणी येतं. हे मलम लावा. चला, पुढं."

शिताये उठली नाही. "टेकतात. आज नाहीयेत, कारण सकाळीच उपटलेत."

"मग उपटायचे नव्हते."

"आणि तुझ्यासमोर कशी येऊ? नाक पुसत?"

रांगेतल्या बायका हसल्या. नाहोमचे कान लाल झाले. "एमामा," आईच्या वयाच्या बाईला म्हणायचं तसं तो म्हणाला, "मला जे दिसतं ते मी लिहितो. टेकणारा केस दिसला तर शस्त्रक्रियेच्या यादीत नाव. मोठ्या उपासाच्या आधी बाजारगावी शिबिर आहे. तिथं यादीतल्यांचंच होणार."

"मग घाल ना नाव."

"केस दाखवा, घालतो."

"हा पांढरा झालेला डोळा काय मी हौसेनं केला?"

"त्याचं आता काही करता येत नाही," नाहोम म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता; त्याला खरंच तसं वाटत होतं. "केस दाखवा."

बिर्के दारात उभी होती. ती पुढं झाली, हळूच काहीतरी म्हणाली. नाहोमनं मान हलवली. त्याला शिकवलेलं होतं ते एवढंच होतं. संध्याकाळी तो परतला तेव्हा त्याच्या कागदावर या गावातली जेमतेम दोनचार नावं होती, तीही ज्यांना उपटून द्यायला कुणी नव्हतं अशा बायकांची.

"केस दाखव म्हणे," घरी येताना शिताये म्हणाली. "दाखवते."

पुढच्या रविवारी कुंपणावर देब्रितूनं मांडी थोपटली. शिताये तिच्या शेजारी ताठ बसून राहिली.

"पड ना."

"नाही. शिबिर होईपर्यंत माझ्या पापणीला कुणी हात लावायचा नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"त्याला केस पाहिजेत. वाढवते. जव वाढवतात तसे वाढवते."

"आणि तोवर डोळा फुटला म्हणजे? त्याला काय कणसं दाखवणार?" देब्रितू हात नाचवत म्हणाली. "माझ्या चुलतबहिणीचं केलं होतं की. दोन वर्षांत केस परत आत. मग कशाला ती कापाकापी? मी आहे ना उपटायला."

"तू मेलीस म्हणजे?"

"मी कशाला मरते! मरशील तू, या हट्टापायी."

देब्रितूच्या रागामागं काय आहे ते शितायेला कळत होतं. आपली पापणी बरी झाली तर देब्रितूचं डोकं कुणाच्या मांडीवर?

नव्यानं उगवणारा केस लांब केसापेक्षा वाईट. लांब निदान वाकतो. हा कापणीनंतरच्या खुंटासारखा उभा राहतो. आठवडा उलटायच्या आत शितायेला डोळा उघडा ठेवणं जड झालं. ती नेतेला कपाळावरून खाली ओढून घरात वावरू लागली. इंजेराच्या आंबवलेल्या धिरड्यांचं पीठ तव्यावर हाताच्या अंदाजानं ओतायची, कडा करपायच्या. नवरा मुचे करपलेला भाग मुकाट्यानं खायचा. पण एका सकाळी त्याच्यानं राहवलं नाही.

"शिताये, तुला एकच डोळा आहे."

"म्हणूनच."

"त्या पोराचं ऐकून तू स्वतःला शिक्षा करतेयस."

"त्याचं ऐकून नाही. त्याला ऐकवायला." तिनं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही बैलाच्या खुरात काटा गेला तर काय करता? वर दिसतो तेवढा मोडून टाकता का दर रविवारी? माझा सगळा जन्म वरवर मोडण्यात गेला. एक डोळा त्यातच गेला."

मुचेनं तिला चर्चच्या झऱ्याचं पाणी आणून दिलं. तिनं ते श्रद्धेनं डोळ्यावर घेतलं, आणि बिर्केकडचं मलमही लावलं. बिर्केनं तिला एकाच अटीवर मोकळं सोडलं होतं: रोज सकाळी केंद्रात येऊन डोळा दाखवायचा.

"काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला," बिर्के म्हणाली होती, "तर मी स्वतः सगळे केस काढणार. मग तुझं ऐकणार नाही. उरलेला डोळा पणाला लावून कुणी जिंकत नसतं."

"दिसला तर काढ," शिताये म्हणाली. "पण नसताना दिसला असं म्हणू नकोस."

"मी खोटं बोलते का?"

"प्रेमानं बोलशील."

बिर्केनं विजेरी लावली.

एका दुपारी शिताये भिंतीला टेकून जरा डुलकी घेत होती. तोंडावर सावली आली. लोखंडाचा गार स्पर्श पापणीला झाला आणि तिनं डोळा न उघडताच ते मनगट पकडलं.

"देब्रितू."

"सोड. एकच काढते. बघवत नाही मला."

"मग बघू नकोस."

"अगं, डोळ्यातून रक्त उतरल्यासारखं दिसतंय! गावात म्हणतात, शितायेला दृष्ट लागली. लोहारणीनं लावली म्हणतात."

"लोहारणीनं चिमटे केले. त्या चिमट्यांनी आपण सगळ्या त्या पोरासमोर ठणठणीत बऱ्या होऊन बसलो, ही काय तिची चूक?" शितायेनं मनगट सोडलं नाही. "ऐक. तू माझे आज उपटलेस तर मी तुझे परत कधी उपटणार नाही. देवाच्या आईची शपथ."

देब्रितूनं हात सोडवून घेतला, शेजारी बसली आणि गळका डोळा पदरानं पुसत म्हणाली, "मग मीही नाही उपटत. बघू कोण आधी रडतं."

"तू तर जन्मापासून रडतेयस."

अशी सुरुवात झाली. देब्रितूचं तोंड म्हणजे गावची घंटा. तिनं सोडलं हे कळल्यावर आणखी काही जणींनी सोडलं. काहींनी हिमतीनं, काहींनी देब्रितूच्या टोमण्यांना भिऊन. बिर्केचं काम वाढलं. सकाळी केंद्राच्या ओसरीवर ती एकेकीचा डोळा तपासायची, आणि एकीच्या डोळ्यात तिला ठिपका दिसलाच. तिचे केस तिनं तिथंच काढले, मलम भरलं आणि केस टेकत होते अशी शिबिरासाठी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून दिली. त्यावर कुणी वाद घातला नाही.

रविवारी कुंपणावर बायका बसत, पण मांडीवर डोकं नाही, हातात चिमटा नाही. ओळीनं लाल डोळे, भिजलेले पदर. चर्चचे वयानं थकलेले धर्मगुरू, अब्बा, प्रार्थना संपवून बाहेर आले, त्यांनी ती ओळ पाहिली आणि क्रूस छातीशी धरला.

"देवा! कोण गेलं?"

"अजून कोणी नाही, अब्बा," देब्रितू म्हणाली. "वाट बघतोय."

शिबिराच्या दिवशी त्या पहाटे निघाल्या. उजेड डोळ्यांना सोसत नव्हता म्हणून प्रत्येकीनं पुढचीच्या नेतेलाचं टोक धरलं होतं. सगळ्यांत पुढं देब्रितू, कारण तिचा डोळा नुसता गळत होता, टोचत नव्हता. हे तिलाच चालताना जाणवलं आणि ती जरा गोंधळली. वाटेत भेटलेले बाजारकरू गाढवं बाजूला घेऊन उभे राहिले. कुणीतरी टोपी काढली.

बाजारगावच्या दवाखान्याच्या अंगणात टेबलामागं नाहोम बसला होता. त्यानं गावाचं नाव विचारलं, कागद वरून खाली पाहिला.

"तुमच्या गावाची यादी झालीय. यात तुम्ही नाही."

शिताये खुर्चीवर बसली आणि नेतेला मागं सारली. "बघ."

"एमामा, आज फक्त नोंदलेल्या..."

"केस दाखव म्हणालास. दाखवायला आणलेत. चालत आणलेत."

"असं ऐन वेळी नाही चालत. इथं पद्धत आहे."

"पद्धत मी पाळलीय. मोडतोयस तू. मी इथून उठत नाही. उचलून टाकायचं तर टाक. मला दिसत नाही, मी कुणाला ओळखणार नाही."

मागून देब्रितू ओरडली, "आणि आम्हीपण! सगळ्यांना उचलावं लागेल! मी जड आहे!"

त्या गोंगाटानं आतून सिस्टर असेलेफेच बाहेर आली. शस्त्रक्रिया तीच करायची. तालुक्यात सगळे तिला हकीम म्हणायचे. हातमोजे काढत तिनं विचारलं, "काय चाललंय? आत माणूस टेबलावर आहे."

नाहोमनं सांगायला तोंड उघडलं. तिनं ऐकता ऐकताच शितायेची हनुवटी वर केली, भिंग ओढलं आणि पापणी बोटानं उलटी केली. आतली बाजू गुळगुळीत लाल असायला हवी ती पांढऱ्या, ताणलेल्या वणानं भरलेली होती. फाटलं कापड घाईनं शिवावं तशी. कडेचे केस सगळे आत, ओल्या बुबुळावर टेकलेले.

"ही यादीत का नाही?"

"तेव्हा टेकत नव्हते," नाहोम म्हणाला. आणि मग, न विचारता, पुढं म्हणाला, "सकाळी उपटलेत असं त्या म्हणाल्या होत्या. मी लिहिलं नाही. रकाना नव्हता."

असेलेफेचनं त्याच्याकडं पाहिलं. "कड रिकामी दिसली की विचारायचं. आणि पापणी उलटून बघायची. केस उपटता येतात. हा वण उपटता येत नाही." एवढं बोलून ती शितायेकडं वळली. "हे किती दिवस सोसलंस?"

"पुरेसे."

"मूर्खपणा केलास. डोळा जाऊ शकला असता."

"तो तसाही जातच होता, हकीम. फक्त हळूहळू, कुणाला त्रास न देता."

असेलेफेचनं खुर्ची स्वतःकडं ओढली आणि बायकांना एकेक करून बोलावलं. कागदावर नावं चढू लागली. नाहोमच लिहीत होता. देब्रितूची पाळी आली.

असेलेफेचनं तिची पापणी पाहिली, उलटून पाहिली, पुन्हा पाहिली. "तुझे केस तर शेळीच्या पापण्यांसारखे सरळ आहेत. बाहेर. वणही नाही." तिनं अंगठा देब्रितूच्या नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी ठेवला आणि दाबला. कोपऱ्यातून पिवळट पू वर आला.

"आई गं!"

"हे बघ. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक नळी असते. तुझी बुजलीय. पाणी पिशवीत साचतं, सडतं, वरून वाहतं. तुझा आजार इथं आहे, पापणीत कधीच नव्हता." ती हात पुसत म्हणाली, "पण केस तर नुकतेच उगवल्यासारखे दिसतात. उपटत होतीस? कोण उपटायचं?"

सगळ्या बायकांनी शितायेकडं पाहिलं.

"तू!" देब्रितू गर्रकन वळली. "इतकी वर्षं! दर रविवारी! चांगले केस!"

"तूच म्हणायचीस, सगळे काढ!"

"मी म्हणीन! मी डोकं काप म्हणाले असते तर?"

"तर गाव सुखी झालं असतं!"

नाहोमनं मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. असेलेफेचनं देब्रितूच्या हातात थोरल्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. हे काम इथं होणारं नव्हतं. पाण्याला नवी वाट करावी लागते, ती बहिर दार शहरातच. देब्रितूनं चिठ्ठी पदरात खोचली, भिंतीपाशी जाऊन पाठ फिरवून बसली.

मुचे गाढव घेऊन दुपारी पोचला. शितायेला आत घेणार होते. असेलेफेच तिला समजावत होती: दिसणारा डोळा एकच, त्याच्यावर उद्यापर्यंत पट्टी राहील, काहीच दिसणार नाही, आणि पापणी पुन्हा कधी वळणारच नाही अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही.

"ऐकलंस?" मुचे म्हणाला. "खात्री नाही म्हणतात त्या."

"न करण्याची आहे का खात्री?" शितायेनं विचारलं.

मुचेनं हकीमकडं पाहिलं.

"आहे," असेलेफेच म्हणाली. "न करता हा डोळा जाणार."

मुचेनं टोपी काढली, पुन्हा घातली. "जा," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

सुईचा चटका पापणीत शिरला तेव्हा शितायेनं पाय ताठ केले. मग बधिरपणा आला. ओढ कळत होती, दुखणं नाही. तिला कात्रीचा आवाज ऐकू आला, मग दोरा ओढल्याचा.

"बोलू नकोस," असेलेफेच म्हणाली.

"बोलले नाही."

"आत्ता बोललीस."

संध्याकाळी ओसरीवर पट्ट्या बांधलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. शितायेसमोर अंधार होता. बाजार उठत असल्याचा गलबला कानावर येत होता. कुणीतरी जवळ येऊन धपकन बसलं. ओल्या पदराचा वास आला.

"तोंड उघड," देब्रितू म्हणाली.

"कशाला?"

"विष घालायला. उघड."

इंजेरात गुंडाळलेला शिरोच्या पिठल्याचा मोठा घास तिच्या तोंडात कोंबला गेला. इतका मोठा, की श्वास अडकला. जिवलगाला भरवताना घास लहान करायचा नसतो, आणि वैऱ्याला कुणी भरवत नाही. हा दोन्हीच्या मधला होता. शिताये बराच वेळ चावत राहिली.

"बहिर दारला मी जाणार नाही," देब्रितू म्हणाली. "सांगून ठेवते."

शितायेनं घास गिळला. "जाशील. टाके निघाले की मी येते बरोबर."

"एक डोळा गेलेली, दुसऱ्याला टाके. तू नेणार मला!"

"तुझे चांगले केस उपटलेत ना मी? मग आता मीच नेणार. नाही म्हणालीस तर गावभर सांगीन, भ्याली."

देब्रितूनं दुसरा घास केला. तोही तेवढाच मोठा होता.

सकाळी असेलेफेचनं पट्टी सोडली. पापणी सुजून जड झाली होती. उजेड आधी लाल आला, मग पांढरा, मग त्यात खिडकी दिसली. खिडकीसमोर मुचे टोपी हातात घेऊन उभा होता. अजून धूसर, पण तोच.

"मिट," असेलेफेच म्हणाली. "उघड."

शितायेनं डोळा मिटला. तिचं अंग आपोआप आखडलं, इतक्या वर्षांच्या सवयीनं. आता ओरखडा येणार. आला नाही. तिनं उघडला. संशयानं पुन्हा मिटला. टाके ओढत होते, सूज ठणकत होती, पण बुबुळावर काहीच घासलं नाही. मग ती मिटत राहिली आणि उघडत राहिली. कुणी खोटं बोलत असेल तर पकडावं, तशी.

"पुरे आता," असेलेफेच म्हणाली. "ताण पडेल. सुजलाय तो."

शितायेनं पुन्हा एकदा डोळा मिटला, नीट, सावकाश, शेवटपर्यंत.

"पडू दे," ती म्हणाली. "माझा आहे."